तुमची मराठी पीडीएफ फोनला वाचता येते का? अभ्यासाचं साहित्य सर्वांना वापरता येईल असं कसं बनवायचं

माझा मावसभाऊ सरळसेवा भरतीची तयारी करत होता. एकोणिसाव्या वर्षी त्याची नजर जवळपास पूर्ण गेली, तेव्हापासून तो फोन ऐकून वापरतो. परीक्षेला तीन आठवडे राहिले असताना मी त्याला अकरा पीडीएफ पाठवल्या. दहा वेगवेगळ्या टेलिग्राम ग्रुपवरून जमवलेल्या, अकरावी माझी स्वतःची. आमच्या गावातल्या एका सरांच्या मराठी व्याकरणाच्या वहीतल्या नोट्स टायपिंग सेंटरमधून टाइप करून घेतल्या होत्या, मी कव्हर लावून चौसष्ट पानांची फाइल बनवली होती. मोठं काम केलं असंच वाटत होतं.

दोन दिवसांनी त्याचा व्हॉइस मेसेज आला. त्यात त्याचा फोन माझी फाइल वाचत होता आणि तो फक्त ऐकवत होता. "ई जे के बी एच... ओ, अर्धविराम, के, डी, जे..." मग त्याचा आवाज: "दादा, ही कुठली भाषा आहे?"

ती मराठी होती. कव्हरवरचं "मराठी व्याकरण" हे शीर्षक होतं ते. अकरापैकी सात फाइल्सवर त्याचा फोन गप्प बसला होता, तीन फाइल्स असं काहीतरी बरळत होत्या आणि एकच फाइल नीट वाचली गेली. ती कुणीतरी फोनवरच साध्या अक्षरात टाइप केलेली, ना डिझाइन ना कव्हर. शोधाशोधीत त्याचे दोन दिवस गेले. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मला हे आधी कळायला हवं होतं. कळलं नव्हतं, म्हणून हा लेख.

आधी स्क्रीन रीडर समजून घेऊया

स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवर जे आहे ते आवाजात किंवा ब्रेल डिस्प्लेवर सांगणारं सॉफ्टवेअर. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक असतं, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. विंडोजसाठी एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर आहे. मायकल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रॅमरनी २००६ च्या सुमारास ते सुरू केलं, आणि आज जगभर ते वापरलं जातं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: स्क्रीन रीडर तुमच्यासारखा पानाकडे "बघत" नाही. फाइलच्या आत कोणती अक्षरं साठवली आहेत ते तो विचारतो आणि उत्तर येईल ते बोलतो. आत अक्षरंच नसतील तर तो गप्प. आत भलतीच अक्षरं असतील तर तो भलतंच बोलणार. पान तुम्हाला कितीही सुंदर दिसो.

सरावलेले लोक ऐकतात ते भयंकर वेगात. भावाच्या फोनचा वेग मला आजही झेपत नाही. आणि ते सगळं पहिल्या ओळीपासून ऐकत बसत नाहीत. आपण जसं बोटाने भराभर स्क्रोल करून हवं ते शोधतो, तसे ते शीर्षकावरून शीर्षकावर, लिंकवरून लिंकवर उड्या मारतात. अर्थात, फाइलमध्ये खरी शीर्षकं असली तर.

मराठी पीडीएफ बिघडते कशी

इंग्रजी लेखांमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या ज्या याद्या मिळतात, त्यांत आपला मुख्य घोळ सापडतच नाही. कारण इंग्रजीला तो घोळ फारसा नाही. मराठीत तो तीन प्रकारे होतो.

पहिला प्रकार गप्प पीडीएफचा. पुस्तकाचे किंवा वहीचे फोटो काढले आणि त्यांची पीडीएफ केली. फाइल म्हणजे नुसती चित्रं, एकही अक्षर नाही. हल्ली काही अ‍ॅप अशा चित्रातली अक्षरं ओळखायचा प्रयत्न करतात, पण वाकडा फोटो, मागच्या पानाची उमटलेली शाई आणि कोपऱ्यात ग्रुपचा वॉटरमार्क असल्यावर काय होणार ते सांगायला नको.

दुसरा प्रकार बरळणाऱ्या पीडीएफचा, म्हणजे माझ्या फाइलचा. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे टायपिंग आणि छपाईसाठी कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असे फाँट आले आणि अनेक टायपिंग सेंटर, छापखाने, कार्यालयं अजूनही त्यांवरच चालतात. या फाँटची युक्ती अशी: कॉम्प्युटरला वाटतं की तुम्ही इंग्रजी टाइप करताय, फाँट फक्त त्या इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवतो. कृतिदेवमध्ये "मराठी" लिहायला तुम्ही प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरं दाबता. फाइलमध्ये साठवली जातात तीच पाच. डोळ्यांना "मराठी" दिसतं, फोनला मात्र दिसतो रोमन अक्षरांचा खिचडा. "व्याकरण" मध्ये तर मधे अर्धविराम आणि पूर्णविरामही येतात, कारण तिथे त्या चिन्हांच्या जागी "य" आणि "ण" चे आकार बसवलेत.

युनिकोडमध्ये असं नाही. तिथे देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. "म" म्हणजे २३५०, मग फाँट कुठलाही लावा. म्हणून युनिकोडमधली मराठी वाचता येते, शोधता येते, दुसऱ्या भाषेत भाषांतरित करता येते, अक्षर मोठं करता येतं. तुमच्या फोनच्या कीबोर्डवरून तुम्ही जे मराठी लिहिता ते युनिकोडच असतं.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. फाइल युनिकोडमध्येच टाइप केलेली, तरी पीडीएफ केल्यावर मोडते. कारण पीडीएफ हा मुळात छपाईसाठी बनलेला प्रकार आहे. पानावर कुठला आकार कुठे काढायचा हे त्यात आधी येतं, तो आकार म्हणजे कुठलं अक्षर ही माहिती मागून चिकटवलेली असते. मराठीत "द्या" सारखं जोडाक्षर अनेकदा एकच आकार असतो. पहिली वेलांटी लिहिली जाते व्यंजनाच्या आधी, पण साठवली जाते नंतर. रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ज्या सॉफ्टवेअरने पीडीएफ बनवली त्याने हा हिशेब नीट ठेवला नाही, तर "विद्यार्थी" आतून "िवदयाथी" झालेला असतो.

ओळखायचं कसं? फोनवर पीडीएफ उघडा, जोडाक्षरं असलेली दोन ओळी निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्वतःलाच पेस्ट करा. काहीच निवडता आलं नाही तर पहिला प्रकार. इंग्रजी खिचडा आला तर दुसरा. मोडकी मराठी आली तर तिसरा. एवढी एक चाचणी जरी प्रत्येक ग्रुप अ‍ॅडमिनने केली ना, तरी अर्धा प्रश्न मिटेल.

दुरुस्ती

स्कॅन केलेल्या फाइलसाठी ओसीआर, म्हणजे चित्रातून अक्षरं ओळखणं. फुकट आणि सोपा मार्ग म्हणजे फाइल गूगल ड्राइव्हवर चढवायची आणि कॉम्प्युटरवर ती गूगल डॉक्समध्ये उघडायची. छापील मराठी ते चांगलं ओळखतं. हस्ताक्षराचा नाद सोडा. पण ओसीआर झालं म्हणजे काम झालं असं नाही: आकडे, सनावळ्या आणि तक्ते डोळ्यांखालून घालाच. व्याकरणाच्या नोट्समध्ये एखादा अनुस्वार गेला तर वाचणारा समजून घेईल. इतिहासाच्या नोट्समध्ये सनातला एक आकडा बदलला तर तो चुकीचंच पाठ करेल, आणि त्याला पडताळून बघायला मूळ पान दिसत नाही.

जुन्या फाँटच्या फाइलसाठी कन्व्हर्टर मिळतात, कृतिदेवमधून युनिकोडमध्ये वगैरे. मूळ वर्डची फाइल मिळवा, पीडीएफमधून कॉपी करू नका. आणि आधी फाँट नेमका कोणता आहे ते बघा, कारण प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. कन्व्हर्टर जवळजवळ सगळं बरोबर करतो, मग रफार, अर्धी अक्षरं, "ऱ्या" आणि मधेच आलेले इंग्रजी शब्द यांवर घसरतो. शेवटचा तर गमतीशीर प्रकार आहे: खरा इंग्रजी शब्दही तो इमानदारीत देवनागरीत बदलतो आणि काहीतरी अगम्य तयार होतं.

आणि तिसऱ्या प्रकारावर माझा सल्ला सरळ आहे: पीडीएफसोबत मूळ फाइलही द्या. वर्डची फाइल, गूगल डॉक्सची लिंक, साधं वेबपेज किंवा ईपब. "कुणी एडिट करून आपलं नाव टाकेल" ही भीती मी ऐकून आहे. ज्याला चोरायचंय तो पीडीएफचंही चोरतो. पीडीएफच हवी असेल तर वर्डमधून "सेव्ह अ‍ॅज" करून पीडीएफ निवडा आणि पर्यायांमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीसाठी रचनेचे टॅग ठेवण्याची खूण चालू ठेवा. "प्रिंट टू पीडीएफ" नको. त्यात शीर्षकं, तक्ते ही सगळी रचना गळून पडते.

ठळक केलं म्हणजे शीर्षक होत नाही

प्रकरणाचं नाव मोठं, ठळक, निळं केलं की आपल्याला ते शीर्षक वाटतं. स्क्रीन रीडरला ती एक ओळ फक्त. वर्ड किंवा डॉक्समध्ये "हेडिंग १", "हेडिंग २" अशा स्टाइल असतात, त्या लावल्या की चौसष्ट पानांत "समास" पर्यंत एका उडीत पोहोचता येतं. तुम्हालाही फायदा: अनुक्रमणिका आपोआप तयार होते.

तक्त्यांमध्ये पहिली ओळ शीर्षक ओळ म्हणून नेमा आणि सेल एकमेकांत विलीन करणं शक्यतो टाळा. नुसती मांडणी छान दिसावी म्हणून तक्ता वापरू नका. आणि टेलिग्राम चॅनेलवाल्यांना हात जोडून विनंती: प्रत्येक मुद्द्याआधी तीन-तीन इमोजी लावू नका. फोन ते सगळे मोठ्याने वाचतो. "आग, आग, आग, पंचायत राज, आग, आग, आग." भाऊ म्हणतो, चॅनेल बंद करून अग्निशमन दल बोलवावंसं वाटतं.

भाषाही सांगावी लागते. वेबपेज बनवत असाल तर पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवा, तिचा संकेत "एमआर" आहे. नाहीतर मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचला जाऊ शकतो. हिंदी आवाजाला आपला "चमचा" आणि "चहा" यांतल्या "च" चा फरक माहीत नसतो. समजतं, पण दिवसभर तसं ऐकून डोकं दुखतं.

चित्र, नकाशा आणि सूत्र

चित्राला जोडलेलं वर्णन म्हणजे ऑल्ट टेक्स्ट. वर्ड आणि डॉक्समध्ये चित्रावर राइट क्लिक केलं की पर्याय मिळतो. बहुतेक जण तिथे "नकाशा" किंवा "आकृती ३" लिहितात, जे न लिहिल्यासारखंच. हे चित्र इथे कशासाठी ठेवलंय, त्यातून विद्यार्थ्याने काय शिकायचंय, ते लिहायचं. महाराष्ट्रातल्या नद्यांचा नकाशा असेल तर: "गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावून पूर्वेकडे वाहते. कृष्णा महाबळेश्वरला, भीमा भीमाशंकरला उगम पावते आणि भीमा पुढे कृष्णेला मिळते. तापी मात्र पश्चिमेकडे वाहत अरबी समुद्राला मिळते." नकाशाचा रंग, कडेची नक्षी, उत्तर दिशेचा बाण यांची गरज नाही. नुसतं शोभेचं चित्र असेल तर ते शोभेचं म्हणून नोंदवा, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून पुढे जातो.

प्रश्नातच आकृती असेल तर जरा जपून. वर्णनात उत्तर फुटता कामा नये. "काटकोन त्रिकोण, काटकोनालगतच्या बाजू ३ आणि ४ सेंमी" इथे थांबायचं. कर्ण किती ते त्याला काढू दे.

गणिताची सूत्रं फोटो म्हणून चिकटवू नका, इक्वेशन एडिटरमध्ये लिहा, आणि सूत्राखाली शब्दांतही द्या. शब्दांत लिहिताना कंस विसरू नका. "अ अधिक ब चा वर्ग" ऐकून फक्त ब चा वर्ग करायचा की बेरजेचा, हे कसं कळणार? "कंस सुरू, अ अधिक ब, कंस पूर्ण, त्याचा वर्ग" असं लिहिलं की शंका राहत नाही.

व्हिडिओ

दृष्टिबाधित विद्यार्थ्यासाठी व्हिडिओत काही वेगळं करावं लागत नाही, शिकवणाऱ्याने फळ्यावर जे लिहिलं ते बोललं तरी पुष्कळ. "हे इथून इकडे आलं, मग ह्याला ह्याने भागलं" अशा वाक्यात पूर्ण तास संपतो. "सव्वीसला तेराने भागलं" म्हणा.

कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी कॅप्शन. आपोआप तयार होणारी कॅप्शन मसुदा म्हणून घ्या, तशीच सोडू नका. विशेषनामं आणि पारिभाषिक शब्द ती हमखास चुकवतात आणि नेमकं तेच परीक्षेत येतं. इथे एक बाब मला बरीच उशिरा कळली. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते, मराठी त्यांच्यासाठी नंतर शिकलेली भाषा. त्यामुळे लांबलचक छापील वाक्यांची कॅप्शन त्यांना पुरतेच असं नाही. सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ मध्ये राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, आणि पीएम ई-विद्याचं सांकेतिक भाषेतलं स्वतंत्र चॅनेल डिसेंबर २०२४ मध्ये. एकट्या यूट्यूबरला दुभाषी परवडणार नाही हे मान्य. पण छोटी वाक्यं, स्क्रीनवर महत्त्वाचे शब्द आणि चेहऱ्यावर उजेड, एवढं तर जमतं.

रंग, बटणं आणि टायमर

पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं डिझायनरना फार आवडतात. वेबच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार, म्हणजे डब्ल्यूसीएजीनुसार, साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ असावा, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १. मोजायला फुकट साइट आहेत. याचा उपयोग उन्हात बसस्टॉपवर वाचणाऱ्या प्रत्येकाला होतो.

क्विझमध्ये बरोबर उत्तर हिरवं आणि चूक लाल, एवढंच ठेवलं तर ज्याला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही त्याला निकालच कळत नाही. शेजारी "बरोबर" लिहा. "जोड्या लावा" मध्ये बोटाने ओढून सोडायची पद्धत असेल तर टॅप करून निवडायचा पर्यायही द्या. हात थरथरणाऱ्याला आणि टॉकबॅक वापरणाऱ्यालाही ओढणं अवघड जातं. टायमर वाढवता किंवा बंद करता आला पाहिजे. अँड्रॉइडमध्ये बटणाची जागा किमान ४८ डीपी असावी अशी शिफारस आहे. आणि माझ्या व्यवसायबंधूंसाठी: फक्त आयकॉन असलेल्या बटणाला नाव द्या. नाहीतर टॉकबॅक "बटण, लेबल नाही" एवढंच सांगतं, आणि तेच बटण "सबमिट" चं असतं. गूगलचं अ‍ॅक्सेसिबिलिटी स्कॅनर हे मोफत अ‍ॅप अशा बऱ्याच चुका दाखवून देतं.

अध्ययन अक्षमता असलेल्यांसाठी, जसं डिस्लेक्सिया, ओळींमध्ये मोकळी जागा, छोटे परिच्छेद आणि फक्त डावीकडून जुळवलेला मजकूर मदत करतो. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांमधल्या फटी कमीजास्त होतात आणि नजर घसरते.

कायदा काय म्हणतो

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद होती. त्यानंतर आलेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून २१ केले आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम असावा यासाठी सरकारवर जबाबदारी टाकली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, केवायसीच्या अडचणींबाबतच्या याचिकांवर, डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं.

"पण पुस्तक स्कॅन करून वाचनीय करणं म्हणजे कॉपीराइटचा भंग ना?" हा प्रश्न मला नेहमी येतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात यासाठी सूट आहे: दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून, नफा न कमावता, सुगम प्रत बनवता येते. याच विषयावरचा माराकेश करार २०१३ चा, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत, २०१४ मध्ये. मात्र ही सूट टेलिग्रामवर सगळ्यांना पुस्तक वाटायला नाही. तयार पुस्तकं हवी असतील तर २०१६ मध्ये सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना तिथे नोंदणी करून पुस्तकं घेता येतात.

दहा मिनिटं टॉकबॅक चालू करून बघा

सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात टॉकबॅक. चालू करण्याआधी त्याच पानावर शॉर्टकट सुरू करा, म्हणजे आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून ते बंद करता येईल. हे न करता चालू केलं तर घाबराल, कारण एका टॅपने काहीच उघडत नाही. एक टॅप म्हणजे "हे काय आहे ते सांग", दोनदा टॅप म्हणजे "उघड". उजवीकडे स्वाइप केलं की पुढची गोष्ट, दोन बोटांनी स्क्रोल. मग तुमची नोट्सची फाइल उघडा आणि स्क्रीनकडे न बघता एक प्रश्न शोधायचा प्रयत्न करा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चार मिनिटांत हार मानली होती.

माझ्या चौसष्ट पानांचं पुढे काय झालं? टायपिंग सेंटरकडून मूळ फाइल मिळवली. युनिकोडमध्ये बदलायला एक संध्याकाळ लागली, तपासायला दोन रविवार. परीक्षेला सहा दिवस असताना ती भावाच्या हातात पडली. त्या वेळी त्याची निवड झाली नाही. ती माझ्या फाइलमुळे गेली असं तो म्हणत नाही, मीही विचारत नाही. आता तो पुढच्या जाहिरातीची तयारी करतोय आणि माझी प्रत्येक फाइल ग्रुपवर जाण्याआधी त्याच्याकडे जाते. कालचा मेसेज असा: "दादा, पान एक्केचाळीसवर प्रयोगांच्या तक्त्यात आठ वेळा 'रिकामा सेल' ऐकू येतं. आणि कर्मणीला तू करमणी केलंयस." तक्ता दुरुस्त करून आज संध्याकाळी पुन्हा पाठवतोय.